झिपऱ्या झोपेना, पिटुकली झोपेना

गेनूकाका होते कुंभार. हौसाकाकी होत्या कुंभारीण. त्यांच्या अंगणात होती भट्टी. भट्टीपाशी होती राख, मऊ मऊ, गरम गरम. राखेवर झोपायचा झिपऱ्या. झिपऱ्या म्हणजे कुत्रा बरं का! अंगभर नुसते केस!

राखेशेजारी होतं डालगं. डालगं म्हणजे टोपली, पालथी घातलेली. डालग्याखाली झोपायची पिटुकली. पिटुकली म्हणजे कोंबडीचं पिल्लू. तिची आई बसली होती नव्या अंड्यांवर. मग पिटुकली एकटीच झोपायची. मोठी झाली होती ना! केवढी मोठी? लिंबाएवढी!

एकदा काय झालं? काका-काकी लग्नाला गेले. चार दिवस राहिले. लाडू खाल्ले. परत आले. रात्र झाली. पिटुकलीने डोळे मिटले. आणि...

भू! भू! भू!

अगं बाई! हे काय?

झिपऱ्या उठला. गोल गोल फिरला. खर खर उकरलं. धप्पकन बसला. लगेच उठला! पुन्हा गोल गोल. पुन्हा खर खर. पुन्हा भू! भू! भू!

रात्रभर हेच! सकाळ झाली, तरी पिटुकली टक्क जागी. तिची झोप गेली. सगळीच्या सगळी गेली!

गेनूकाका बाहेर आले. डोळे चोळत आले. रागावले, असे रागावले!

"झिपऱ्या! आज रात्री भुंकलास ना, तर उद्या तुला देऊन टाकतो. डोंगरापलीकडच्या मेंढपाळाला! बघच तू!"

पिटुकलीची चोच उघडी ती उघडीच राहिली. झिपऱ्या जाणार? मग रात्री बोका येईल! आणि बोका काय राम राम करायला येतो? छे, छे! झिपऱ्याला झोपवायलाच हवं. आजच्या आज!

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली झिपऱ्याकडे.

"झिपऱ्या, झिपऱ्या, झोप ना रे!"

"पिटुकले, पिटुकले, डोळे का गं लाल?"

"झिपऱ्या झोपेना,
माझा डोळा लागेना!"

"अगं बाई! पण मी कसा झोपू? राख गार पडली. पोटाला थंडी वाजते. आधी राखेला सांग, तापायला."

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली राखेकडे.

"राखबाई, राखबाई, ताप ना गं!"

"पिटुकले, पिटुकले, डोळे का गं लाल?"

"राख तापेना,
झिपऱ्या झोपेना,
माझा डोळा लागेना!"

"अगं बाई! पण मी कशी तापू? भट्टी विझली. काका-काकी लग्नाला गेले, तेव्हाच विझली. चार दिवस धग पुरली, काल संपली. आधी काकीला सांग, भट्टी पेटवायला."

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली हौसाकाकीकडे. काकी भाकरी थापत होत्या. थप थप थप.

"काकी, काकी, भट्टी पेटवा ना!"

"पिटुकले, पिटुकले, डोळे का गं लाल?"

"भट्टी पेटेना,
राख तापेना,
झिपऱ्या झोपेना,
माझा डोळा लागेना!"

"आगं बया! पण भट्टीत घालू काय? माझं डोकं? घरात एक मडकं नाही. आधी काकांना सांग, चाक फिरवायला."

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली गेनूकाकांकडे. काका चाकापाशी बसले होते. हात रिकामे. चाक गप्प.

"काका, काका, चाक फिरवा ना!"

"पिटुकले, पिटुकले, डोळे का गं लाल?"

"चाक फिरेना,
भट्टी पेटेना,
राख तापेना,
झिपऱ्या झोपेना,
माझा डोळा लागेना!"

"आरं देवा! पण मडकं करू कशाचं? हवेचं? तळ्याकाठची माती आणायची आहे. आधी गाढवाला सांग, उठायला. मी ढकललं, ओढलं, गूळ दाखवला. उठतच नाही!"

गूळ दाखवला तरी उठत नाही? ऐकलंत का? असलं गाढव कुणी पाहिलंय का?

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली गाढवाकडे. गाढव पडलं होतं. कान खाली. मान खाली.

"गाढवदादा, गाढवदादा, ऊठ ना रे!"

"पिटुकले, पिटुकले, डोळे का गं लाल?"

"गाढव उठेना,
चाक फिरेना,
भट्टी पेटेना,
राख तापेना,
झिपऱ्या झोपेना,
माझा डोळा लागेना!"

"अगं बाई! पण मी कसा उठू? माझे डोळे बघ. तेही लाल! मला झोपच मिळाली नाही."

"तुलाही नाही? कुणी नेली तुझी झोप?"

"कुणी म्हणजे? झिपऱ्याने! रात्रभर गोल गोल. रात्रभर खर खर. रात्रभर भू! भू! भू! आधी झिपऱ्याला सांग, झोपायला!"

काय? झिपऱ्याला?

पिटुकलीची चोच उघडी ती उघडीच राहिली. झिपऱ्यापासून निघाली, आणि पुन्हा झिपऱ्यापाशीच आली! आता जायचं तरी कुणाकडे? सगळ्यांकडे जाऊन झालं. सगळे म्हणाले, आधी तो, आधी ती. आधी कुणीच नाही! पिटुकलीला रडूच आलं. चिव! चिव! चिव!

रडता रडता संध्याकाळ झाली. अंधार झाला. झिपऱ्या उठला. गोल गोल फिरला. खर खर उकरलं. आता भुंकणार! आता तोंड उघडणार!

पिटुकली धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

"थांब, थांब, झिपऱ्या! मी येऊ का तुझ्याजवळ?"

"तू? तू येऊन काय होणार?"

"मी गरम आहे. थोडीशी."

झिपऱ्याला हसू आलं. एवढीशी ती पिटुकली! पण तो बसला. पिटुकली शिरली त्याच्या केसांत. पोटाशी गेली. चिकटून बसली.

झिपऱ्या म्हणाला, "अगं बाई! खरंच गं! गरम आहेस!"

त्याने शेपटी पांघरली. नाक खाली टेकलं. आणि... घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. झिपऱ्या झोपला! पिटुकलीचा पण डोळा लागला. कसा? गच्च!

अंगण गप्प झालं. अगदी गप्प. इतकं गप्प की गेनूकाका दचकून उठले!

"हौसा, ए हौसा! झिपऱ्या भुंकत का नाही? चोर आले का काय?"

काकांनी काठी घेतली. काकींनी कंदील घेतला. दोघं आले बाहेर. हळूच. बघतात तर काय! एवढा मोठा झिपऱ्या, आणि पोटाशी एवढीशी पिटुकली! काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आरं, हे..."

"शूऽऽऽ!" काकी म्हणाल्या. "एक शब्द बोलाल तर बघा! आणि माझ्या झिपऱ्याला कुठं द्यायचं नाही. सांगून ठेवते."

काकांनी मान डोलावली. काठी ठेवली आणि निजले.

सकाळ झाली. गाढव उठलं. टुणटुणीत उठलं!
"हीं हॉं! हीं हॉं! कुठाय माती?"
गाढवाने माती आणली. दुडक दुडक.
काकांनी माती तुडवली. चाक फिरलं. गर्र गर्र गर्र.
मडकी झाली. चार दिवस उन्हात वाळली.
चार रात्री पिटुकली झिपऱ्याच्या पोटाशी झोपली.
मग काकींनी भट्टी पेटवली. धड धड धड.
मडकी भाजली. लाल लाल. टण टण!
आणि राख? राख तापली. मऊ मऊ, गरम गरम.

पिटुकली म्हणाली, "झालं बाई एकदाचं! आता झिपऱ्याला राख आहे. मी जाते माझ्या डालग्यात."

पिटुकली गेली. तुरुतुरु तुरुतुरु. डालग्याखाली बसली. डोळे मिटले. आणि...

भू!

अगं बाई! हे काय?

काका दचकले. काकी दचकल्या. गाढवाचे कान उभे राहिले. सगळे धावत आले. राखेला हात लावून बघितला. गरम आहे की! मग याला झालंय तरी काय?

झिपऱ्या गोल गोल फिरला. पण खर खर उकरलं नाही. डालग्यापाशी गेला. नाकाने डालगं उचललं.

"पिटुकले, पिटुकले, गेलीस का गं?"

"अरे, राख तापली ना! आता तू गरम आहेस ना!"

"पोट गरम आहे," झिपऱ्या म्हणाला. "पण तू नाहीस ना!"

पिटुकलीची चोच उघडी ती उघडीच राहिली. गाढवदादाचं तोंडही उघडं ते उघडंच राहिलं. हौसाकाकींनी तर पदराने डोळे पुसले.

पिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. झिपऱ्याच्या केसांत शिरली. पोटाशी गेली. चिकटून बसली. मग काय?

गाढव निजलं,
चाक थांबलं,
भट्टी निवली,
राख तापली,
झिपऱ्या झोपला,
पिटुकलीचा डोळा लागला!

सगळे झोपले. सगळे म्हणजे सगळे!

आणि तुम्ही? तुम्ही अजून टक्क जागे? अगं बाई!

या बघू इकडे. अगदी जवळ या. मी पण गरम आहे. थोडीशी.