तळ्याने दिलेले उत्तर

एका बेटावर होड्या बांधणारे दोन सुतार भाऊ राहत होते. गावाची एकुलती एक होडी कुजली, तेव्हा नवी बांधायचे काम त्यांच्याकडे आले.

थोरल्याला वडील बांधत तशी फुगीर तोंडाची होडी हवी होती. धाकटा म्हणाला, "दादा, तोंड निमुळतं करू. फुगीर तोंड पाणी ढकलत बसतं."

"काल रंधा धरायला शिकलास, आणि आज बाबांच्या चुका काढतोस?"

शेवटी दोघांनी आपापल्या आकाराची हातभर लांबीची होडी कोरली. देवळाच्या तळ्यात त्या शेजारी शेजारी सोडल्या. दोन्हींना दोरे बांधून ते समोरच्या काठालगतच्या कोरड्या विहिरीत सोडले आणि टोकांना सारख्याच वजनाचे दगड टांगले. दगड खाली जाऊ लागले, तशा होड्या पुढे ओढल्या गेल्या.

निमुळती सरसर गेली. फुगीर होडीच्या तोंडापुढे मात्र पाण्याचा उंचवटा उभा राहिला. ती मागे पडली.

"काकाची जिंकली!" थोरल्याच्या लहानग्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

"वारा आडवा आला," थोरला म्हणाला. पुन्हा सोडल्या. पुन्हा तेच. "दोरा भिजलाय माझा." दोरा बदलला. तरी तेच.

मग थोरल्याने दोन्हीकडे अगदी हलके दगड बांधले. होड्या रांगत रांगत बरोबरच पोचल्या.

"बघ! सारख्याच आहेत."

"दादा, हळू ओढलं की पाणी उठतच नाही. घाई असेल तेव्हा काय?"

"आपल्या गावाला कसली मेली घाई?"

थोरल्याचा शब्द मोडायची घरात रीत नव्हती. होडी फुगीर बांधली गेली. गावाने नारळ फोडून कौतुक केले.

पुढे एका सकाळी त्या मुलीचा घसा सुजला आणि श्वास अडू लागला. वैद्य पलीकडच्या किनाऱ्यावर राहत होता. वारा पडला होता. तिला होडीत निजवून दोघे भाऊ जिवाच्या आकांताने वल्ही मारू लागले.

जेवढा जोर लावावा, तेवढा तोंडापुढे पाण्याचा ढीग वाढे. थोरल्याने वळून पाहिले आणि तो ओळखला. तळ्यातलाच होता.

"ओढ रे, ओढ!"

"ओढतोय, दादा."

किनाऱ्यावरची माणसे दिसू लागली, तेव्हा मुलीची धाप थांबली.

वैद्याने तिची नाडी पाहिली आणि हात हळूच खाली ठेवला. "थोडं आधी यायला हवं होतं."

परतताना थोरला म्हणाला, "बोल ना काही. शिव्या तरी दे."

धाकटा वल्हे मारत राहिला. आता घाई नव्हती. वल्ही हळू पडत होती आणि होडीपुढचे पाणी अगदी सपाट होते.

तात्पर्य: मनासारखे उत्तर मिळेपर्यंत परीक्षा बदलता येते, खरे उत्तर बदलता येत नाही.