वाळूचे सात खड्डे

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या गोल्फच्या मैदानावर अपंग खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा भरवायची ठरवली. दानत मोठी, त्यात खोट नव्हती. वाटा रुंद केल्या, चाकाची खुर्ची आत वळेल अशी न्हाणीघरं बांधली, फाटकावर 'सर्वांसाठी मैदान' अशी पाटी लावली. मैदानाची राखण एका वृद्ध माळ्याकडे होती. चाळीस वर्षं तिथलं गवत त्याने कापलेलं. हाताखाली एक तरुण शिष्या होती, कामाला वाघीण, मनाने हळवी. हळवेपण वाईट नाही. पण ते फावडं हातात घेतं तेव्हा सांभाळावं.

या खेळात कमीत कमी फटक्यांत चेंडू झेंड्याखालच्या भोकात घालायचा, आणि अडचण म्हणून हिरवळीच्या कडेला वाळूचे खड्डे मुद्दाम ठेवतात. चेंडू त्यात पडला की खेळाडूने आत उतरून तो काठीने बाहेर उडवायचा, आणि निघताना वाळूत उमटलेल्या आपल्या खुणा दंताळ्याने आपणच सारख्या करायच्या, अशी तिथली रीत. मैदानावर असे सात खड्डे. आठवड्यावर स्पर्धा आली तेव्हा व्यापारी म्हणाला, "बुजवून टाका. बिचारी माणसं, त्यात कशी उतरणार?"

माळी लेकीच्या गावी गेला होता. शिष्येने राबून सातही खड्डे भरले, वर हिरवळ अंथरली.

माळी परतला, त्याने पाहिलं आणि पहिल्या खड्ड्यावरची हिरवळ उचकटायला घेतली.

"आबा, डोकं फिरलं का तुमचं? फोड आलेत माझ्या हाताला."

"आता मला येतील. सर बाजूला."

त्याने सातही खड्डे पुन्हा खणले, वाळू भरली आणि प्रत्येकाच्या एका अंगाने मुरूम ठोकून खुर्ची उतरेल असा उतार केला. तेवढ्यावर थांबला नाही. घण उचलून चहाघराच्या तीन दगडी पायऱ्या फोडल्या आणि तिथंही उतार केला.

व्यापारी धावत आला. "म्हाताऱ्या, मैदानात खड्डे पाडतोस आणि माझ्या पायऱ्या फोडतोस? चहा खाली आणून देणारच होतो मी त्यांना."

"तेच नको होतं, शेट."

"उद्या कुणी वाळूत अडकलं तर तुझी चाळीस वर्षं बघणार नाही. घरी बसवीन."

"बसवा. पण स्पर्धा होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सरावाला खेळाडू आले. त्यांत सगुणा धुमाळ होती, कमरेखाली लुळी, रुंद चाकांच्या खुर्चीवर बसून खेळणारी. ताजी माती आणि उचकटलेली हिरवळ बघून तिने शिष्येला विचारलं, "हे खड्डे कुणी बुजवले होते?"

"मीच, ताई. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" सगुणा हसली, पण ते हसू गोड नव्हतं. "बसून मारलेला चेंडू लांब जात नाही, बाई. उभे राहणारे मला मागे टाकतात. मी त्यांना गाठते ती वाळूत. तीन वर्षं नदीकाठी बसून चेंडू उडवलेत, डोळ्यांत वाळू गेली. माझ्याजवळ आहे तेवढंच आहे. आणि तुम्ही नेमकं तेच बुजवायला निघालात."



स्पर्धेचा शेवटचा दिवस. सगुणा एकाच फटक्याने पुढे होती आणि शेवटच्या झेंड्यापाशी तिचा चेंडू सातव्या खड्ड्यात पडला. ती उताराने आत गेली, काठी फिरवली. चेंडू काठाला लागून परत तिच्या चाकाशी आला. आघाडी संपली. तिच्या मागोमाग असलेल्या खेळाडूने तेवढ्याच फटक्यांत आपला चेंडू भोकात घातला. करंडक गेला.

व्यापाऱ्याला राहवलं नाही. "आता कशाला जिवाला त्रास? द्या, मी उचलून बाहेर ठेवतो."

"चेंडूला हात लावू नका, शेट. माझा डाव संपलेला नाही."

तिने पुन्हा काठी फिरवली. वाळूचा फवारा उडाला आणि चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला.

शिष्या दंताळं घेऊन धावली. माळ्याने तिचं मनगट धरलं.

"इकडे दे," सगुणा म्हणाली. "चाकं माझी उमटलीत." मागे सरत सरत तिने आपल्या चाकांच्या खुणा मिटवल्या, मग जाऊन तो हातभराचा फटका पुरा केला.

माळी व्यापारी आणि शिष्येकडे वळला. "अडचणी दोन जातीच्या असतात. वाळू खेळाची आहे, ती ठेवायची. पायरी आपल्या आळसाची, ती फोडायची. तुम्ही पायरी ठेवली आणि वाळू काढली. वाळूने हरवलं तर ही उद्या पुन्हा नदीकाठी जाऊन बसेल. आपल्या दयेने हरवलं, तर सरावाला बसायची कुठे?"

व्यापारी हळूच म्हणाला, "चहाघराच्या उताराला कठडा लावू का?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

आणि तो खरोखर विचारायला गेला.

शिष्येने मात्र सात खड्ड्यांची फेरी मारली. दंताळी मागच्या उंच काठावर उभी ठेवण्याची तिची सवय. तिने एकेक उचललं, आणि बसल्या माणसाच्या हाताला येईल असं उताराच्या तोंडाशी ठेवलं.