सैल केलेलं झाकण

एकदा एका विशेष शाळेत केतकी नावाची एक हुशार मुलगी शिक्षिका व्हायला आली. परीक्षेत पहिली, पाठांची टाचणं काढण्यात पटाईत, तक्ते तर असे सुबक की पाहणाऱ्याने पाहत राहावं. पण शिकायला वेळ लागणाऱ्या मुलांना शिकवण्याचा परवाना नुसत्या गुणांवर मिळत नाही. वर्षभर एखाद्या जाणत्या शिक्षिकेच्या हाताखाली वर्गात काढायचं आणि शेवटी तिची सही मिळवायची, असा नियम. केतकीच्या वाट्याला आलेल्या वृद्ध शिक्षिकेला सारी शाळा नुसतं 'बाई' म्हणत असे.

पहिल्याच दिवशी बाईंनी नऊ वर्षांच्या सुगंधाला तिच्याशेजारी बसवलं. म्हणाल्या, "हिला पुढच्या जूनमध्ये गावातल्या मोठ्या शाळेत जायचंय. अक्षरं येतात, आकडे येतात. डब्याचं झाकण तेवढं उघडत नाही. ते शिकव. जमलं की सही करीन."

केतकीला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती.

तिने झाकण उघडण्याचे अकरा टप्पे पाडले. प्रत्येकाचं चित्र काढलं. सुगंधाला चित्रं फार आवडली. पण मधल्या सुट्टीत स्टीलचा गोल डबा समोर आला की ती एकदा अंगठा लावायची, अंगठा घसरायचा, आणि मग डबा सरकवून शांतपणे म्हणायची, "ताई." भुकेलं लेकरू समोर बसलेलं कोणाला बघवेल? केतकी डबा उघडून द्यायची. शेजारच्या बाकावर बाई दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसलेल्या असायच्या. ना सल्ला, ना शब्द. असे महिने गेले. केतकीच्या नाकी नऊ आले. माणसाने निदान चुकतंय कुठे एवढं तरी सांगावं, पण ह्या बाई हातांवर बसून पुतळा झालेल्या.

फेब्रुवारीत तिच्या बरोबरीच्या मुलींच्या परवान्याच्या अर्जांवर सह्या झाल्या. मग केतकीने जे केलं, ते आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे केलेलं आहे. कागद पुरा झाला की काम पुरं झालं, ही आपली जुनीच खोड. सुट्टीआधी तिने हळूच सुगंधाचं झाकण सैल करून ठेवलं, आणि बाईंना बोलावलं.

सुगंधाने बोट लावलं. झाकण उघडलं. आत गूळ-पोळीचा लाडू. केतकीने अर्ज पुढे केला.

बाईंनी अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि तळव्याने दाबून गच्च बसवलं. डबा पुन्हा सुगंधापुढे ठेवला.

सुगंधाने डबा केतकीकडे सरकवला. "ताई," ती म्हणाली. केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "बाई, हा कसला दुष्टपणा? सही माझी अडवा. तिच्या तोंडचा घास का काढता?" आणि तिने डब्याकडे हात नेला.

"हातांवर बस," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी बसते तशी. मला छत्तीस वर्षं झाली, तरी माझे हात मोकळे सोडले की ते झाकणाकडे जातात. म्हणून दाबून ठेवते. अगं, जूनमध्ये त्या शाळेत हिचं झाकण सैल करून ठेवायला कोण येणार आहे? तू? वर्षभरात ही एकच गोष्ट पक्की शिकली, की डबा 'ताई' म्हटल्यावर उघडतो. आणि तुझं म्हणशील, तर सही मी पहिल्या आठवड्यातच करू शकले असते. तेही झाकण सैल करणंच झालं असतं. परवाना घेऊन तू उपाशी मुलांपुढे उभी राहिली असतीस."

केतकीचा राग गेला नव्हता, पण ती हातांवर बसली.

सुगंधाने दोनदा "ताई" म्हटलं. रडली. डबा ढकलून दिला, मग भूक लागली म्हणून परत ओढला. किती वेळ गेला कोण जाणे, घंटासुद्धा होऊन गेली. शेवटी तिने डबा दोन्ही गुडघ्यांत धरला आणि फ्रॉकचा घेर झाकणावर घेऊन दोन्ही हातांनी हिसका दिला. हा टप्पा केतकीच्या अकरांत कुठेच नव्हता. झाकण उडालं, लाडू फरशीवर गडगडत गेला. सुगंधाने तो उचलला, फुंकर मारली, आणि निम्मा मोडून केतकीपुढे धरला. केतकीचे हात अजून मांड्यांखालीच होते. तिने तोंड उघडलं.

बाईंनी पेन काढलं आणि अर्ज मागितला.

केतकीने अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. "आज नको, बाई," ती म्हणाली. "उद्या तिच्या आईला झाकण घट्ट लावून द्यायला सांगते. महिनाभर उघडू दे, मग बघू."