हरबाचा मातकट रणगाडा

फार पूर्वी, म्हणजे नेमकं केव्हा ते मला विचारू नका, एका डोंगराच्या पायथ्याशी चिताऱ्यांचं एक गाव होतं. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करून ती रंगवणारी माणसं. गावात घरं अकराच. पण एकेका घरातून इतके हत्ती, घोडे, पोपट आणि भिंगऱ्या बाहेर पडायच्या, की आसपासच्या चाळीस गावांतली पोरं त्यांच्याशी खेळून मोठी व्हायची.

या गावाचा एक नियम होता. रंग वाळला की त्यावर लाखेचा हात द्यायचा, मग केवड्याच्या पानाने खेळणं घासत बसायचं. किती वेळ घासायचं? तर खेळण्यात आपले दात दिसेपर्यंत. चिताऱ्याने खेळणं तोंडासमोर धरून हसायचं. दात दिसले तर खेळणं बाजारात जाणार, नाही दिसले तर पुन्हा घासायला बसा. पणजोबांपासून चालत आलेला हा नियम कोणीही मोडलेला नव्हता.

आणि या नियमात सगळ्यांत पुढे होता हरबा चितारी. त्याच्या खेळण्यात नुसते दात नाही, दातात अडकलेली कोथिंबीरसुद्धा दिसायची, असं लोक म्हणत. हरबाला हे ऐकायला फार आवडायचं. त्याची बायको द्वारका रंग वाटता वाटता म्हणायची, "एवढं कौतुक कानात साठवू नका, दुसरं काही ऐकू यायचं नाही."

एक दिवस राजवाड्यातून दवंडी आली. राजाकडे नऊ नवे रणगाडे आले होते. (गोष्टीतला राजा आहे, त्याच्याकडे हत्तीही असतात आणि रणगाडेही असतात.) रणगाडे होते कोऱ्या लोखंडाचे. त्यांना कोणता रंग द्यावा, यावर दरबारात आठ दिवस भांडण चाललं होतं. शेवटी सेनापती म्हणाले, "रंगाचं रंगाऱ्याला विचारा." तेव्हा राजाने फर्मावलं, की अकरा घरांनी तळहाताएवढा एकेक रणगाडा करून रंगवून आणावा. जो पसंत पडेल, त्याचेच रंग खऱ्या नऊ रणगाड्यांना लागतील. त्या चिताऱ्याला भर दरबारात शाल मिळेल आणि त्याचं नाव राजवाड्याच्या दारावर कोरलं जाईल.

हरबाने त्याच दिवशी पांगाऱ्याचं लाकूड काढलं. चाकं, साखळ्या, वरची टोपी, पुढे आलेली तोफेची नळी, सगळं इवलं इवलं कोरलं. मग रंग निवडायला बसला. अंगाला पोपटी, चाकांना लाल, नळीला हळदीसारखा पिवळा आणि कडेने निळ्या ठिपक्यांची वेल! वर लाख, वर केवड्याचं पान. रणगाडा तोंडासमोर धरून तो हसला, तर दाढासुद्धा दिसल्या.

त्याने तो ओट्यावर मांडला. सगळा गाव बघायला लोटला. "शाल हरबाचीच," असं बाकीचे दहा चितारीसुद्धा म्हणाले, आणि चिताऱ्याने दुसऱ्या चिताऱ्याला असं म्हणणं ही साधी गोष्ट नाही. हरबाला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी एक माणूस ओट्यापाशी येऊन उभा राहिला. अंगात सैनिकाचा वेश, मिश्या झुबकेदार, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. नऊ रणगाड्यांपैकी एक तो चालवणार होता.

"काका, मुलीसाठी एक भिंगरी हवी होती," तो म्हणाला. "चार वर्षांची आहे. लाल रंग म्हणजे जीव की प्राण."

हरबाने लाल भिंगरी काढून दिली आणि लगेच रणगाडा पुढे केला. "हा बघ तुझा रणगाडा! कसा आहे?"

त्या माणसाने तो तळहातावर घेतला, फिरवून फिरवून पाहिला. "झकास," तो मनापासून म्हणाला. "माझ्या मुलीला दाखवला तर ती परत देणार नाही." मग त्याने विचारलं, "काका, एवढा मोठा केला, तर हा किती लांबून दिसेल?"

"लांबून?" हरबाची छाती फुगली. "अरे, सीमेवरच्या त्या तांबड्या टेकडीवरून बघणाऱ्यालाही दिसेल!"

"हो ना," तो माणूस हळूच म्हणाला. "त्या टेकडीवर शेजारच्या राजाच्या तोफाच बसल्यात."

त्या माणसाने रणगाडा नीट ओट्यावर ठेवला. भिंगरीकडे पाहिलं आणि ती परत हरबाच्या हातात दिली. "ही तुमच्याकडेच ठेवा. रंग लागला की आम्ही थेट सीमेवर. आता घरी जायला मिळायचं नाही, आणि बरोबर नेली तर मोडेल. परत आलो की घेऊन जाईन."

तो गेला. द्वारकाने भिंगरी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

त्या दिवशी हरबा जेवायला बसला. समोर पोपटी रणगाडा, दाराशी लाल भिंगरी. द्वारकाने भाकरी वाढली, मग आमटी वाढली, मग स्वतःच बोलली. "एवढा देखणा रणगाडा घेऊन सीमेवर उभं राहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खरं की नाही?"

"पण राजाला आवडेल तो," हरबा म्हणाला.

"राजा काही त्यात बसणार नाही."

हरबा ताटावरून उठला. त्याने तासणी घेतली आणि पोपटी रंग, निळी वेल, सगळं खरवडून काढलं. खरवडताना त्याला फार वाईट वाटलं. ती वेल काढायला त्याला दोन दिवस लागले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो शिदोरी घेऊन सीमेकडे चालत गेला. जन्मभर रंगांत हात बुडवलेला माणूस, पण माती कशी दिसते ते त्याने कधी बसून पाहिलं नव्हतं. सकाळी ती विटकरी दिसली. उन्हं डोक्यावर आली तशी फिकी पडली. झुडपाखाली ती काळपट होती, वाळक्या गवताजवळ पिवळसर, दगडाच्या कडेला राखी. लांबून तांबडी वाटणारी जमीन जवळून सात तऱ्हांची होती. हरबाने प्रत्येक तऱ्हेची चिमूट चिमूट माती पुड्यांत बांधून घेतली.

घरी येऊन त्याने गेरू घेतला, काजळी घेतली, थोडी हळद, थोडा खडू. द्वारका वाटत होती आणि तो पुडीतल्या मातीशेजारी बोटाने ठिपका लावून बघत होता. जमेना तेव्हा पुन्हा वाटायचं. मग त्याने रणगाड्यावर ते रंग दिले, पण सरळ पट्ट्यांत नाही. इथे विटकरी, तिथे काळपट, मधेच गवताचा पिवळा, असे वेडेवाकडे डाग.

शेजारचा चितारी डोकावून म्हणाला, "हरबा, रणगाडा सारवायला घेतलास काय रे?"

हरबा पुढचा डाग देऊ लागला. त्याला रंग बरोबर साधला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्या आनंदात त्याने लाखेचा हात दिला, केवड्याचं पान घेतलं आणि घासत बसला. जित्याची खोड! पन्नास वर्षं जे हात घासत आले, ते आज कसे थांबतील?

मग त्याने रणगाडा अंगणात तांबड्या मातीत ठेवला आणि लांबून बघायला पार वेशीपर्यंत गेला. तेवढ्यात विहिरीवरून घागर घेऊन येणारी द्वारका ओरडली, "अहो, अंगणात काय चमकतंय? माझी नथ तर नाही ना पडली?"

हरबा जागच्या जागी उभा राहिला. त्यालाही दिसत होतं. रंग मातीत मिसळून गेला होता, पण वरची चकाकी उन्हात लखलखत होती. टेकडीवरच्या तोफेला तेवढी पुरे होती.

तो परत येऊन ओट्यावर बसला. रणगाडा मांडीवर. आता एकच उपाय उरला होता, चकाकी उतरवायची. पण मग दात दिसणार नाहीत. पणजोबांचा नियम मोडणार. अकरा घरांत सगळ्यांत चकचकीत काम करणारा हरबा, त्याच्या घरातून राजाकडे जाणार मळकं खेळणं! "गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही," तो म्हणाला.

द्वारकाने घागर उतरवली आणि त्याच्याशेजारी बसली. "नियम खेळण्याचा आहे ना? याच्याशी कोण खेळणार आहे?"

हरबाने मान वर केली. खिळ्याला लाल भिंगरी होती. तो उठला, चुलीतली राख चाळून घेतली, ओलं फडकं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच कामाची चकाकी आपल्या हाताने उतरवली. उतरवताना त्याचे डोळे भरून आले. मग त्याने रणगाडा पुन्हा अंगणात ठेवला आणि वेशीपर्यंत गेला. मागे वळून पाहिलं तर अंगण रिकामं.

ठरलेल्या दिवशी सगळे चितारी राजवाड्यात गेले. सेनापतींनी सीमेवरून माती आणवून, दगड आणि वाळकं गवत लावून चौकात सीमेसारखीच छोटी सीमा मांडली होती. अकरा रणगाडे त्यात ठेवले गेले. राजा सज्जात येऊन बसला. बाजूला नऊ रणगाडे चालवणारी नऊ माणसं उभी होती.

"वा! तो वाघाच्या पट्ट्यांचा काय सुरेख! आणि तो मोरपंखी!" राजा खूश होऊन मोजू लागला. "आठ, नऊ, दहा... दहाच? अकरावा कोणाचा राहिला?"

"माझा, महाराज," हरबा म्हणाला. "पण तो ठेवलाय."

"ठेवलाय तर दिसत कसा नाही?"

लोक हसले. हरबा चितारी म्हातारा झाला, रिकाम्या हाताने आला, अशी कुजबुज झाली. हरबाचे कान तापले. राजा स्वतः खाली आला. चौकातली माती मोजडीत जाऊ नये म्हणून त्याने मोजडी काढून ठेवली आणि अनवाणी चालत, वाकून वाकून शोधू लागला.

"आई गं!"

राजा एका पायावर नाचू लागला. सेनापती धावले. राजाच्या पायाखालून त्यांनी तळहाताएवढा मातकट रणगाडा उचलला. तोफेची नळी बरोबर टाचेत घुसली होती.

चौकात कोणी हसायला धजेना. सेनापतींच्या मिश्या मात्र थरथरत होत्या. "महाराज," ते म्हणाले, "दहा रणगाडे आपल्याला दिसले. हा दिसला नाही, टोचला."

राजाने रणगाडा हातात घेतला. "पण हा देखणा नाही," तो कुरकुरला. "मोरपंखी बघा कसा उठून दिसतो." मग टाच चोळता चोळता त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने त्या नऊ जणांना जवळ बोलावलं. "तुम्ही सांगा. कोणत्यात बसाल?"

नऊच्या नऊ माणसं राजाच्या हातातल्या रणगाड्यापाशी येऊन उभी राहिली. अर्ध्या दाताच्या माणसाने हरबाकडे पाहून हात जोडले.

राजाने टाच चोळणं थांबवलं. मग त्याने आपल्या खांद्यावरची शाल काढून हरबाच्या खांद्यावर घातली.

नऊ रणगाड्यांना मातीचे रंग लागले आणि ते सीमेवर गेले. टेकडीवरचे शेजारी रोज डोळ्यांवर हात धरून बघायचे. घरघर ऐकू यायची, पण दिसायचं काहीच नाही. जे दिसत नाही त्याच्यावर तोफ कशी डागणार? आणि ते कुठून टोचेल याचा नेमही नाही. महिनाभर त्यांनी वाट पाहिली, मग कंटाळून, थोडे घाबरून, तोफा बैलांना जुंपून घरी निघून गेले. लढाई झालीच नाही.

राजवाड्याच्या दारावर हरबाचं नाव कोरलं गेलं. रणगाड्यांकडे मात्र कोणी बोट दाखवून "हे हरबाचं काम" असं म्हणू शकलं नाही, कारण ते कोणाला दिसतच नव्हते. हरबाला त्याचं हसू यायचं. कौतुकाशिवायही पोट भरतं, हे त्याला त्या वर्षी कळलं.

भाताची कापणी सुरू झाली तेव्हा एक माणूस ओट्यापाशी येऊन उभा राहिला. झुबकेदार मिश्या आता कानापर्यंत पोचल्या होत्या.

"काका, माझी भिंगरी."

हरबाने भिंगरी खिळ्यावरून काढली. इतक्या दिवसांत तिच्यावर धूळ बसली होती. "थांब," तो म्हणाला. "अशी नाही द्यायची." त्याने केवड्याचं पान घेतलं आणि घास घास घासलं. द्वारकाने पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून ठेवला, तरी याचं घासणं संपेना. शेवटी त्याने भिंगरी त्या माणसाच्या तोंडासमोर धरली.

"हस बघू."

तो माणूस हसला. भिंगरीत त्याचे सगळे दात दिसले, पुढचा अर्धा तुटलेलासुद्धा.

"आता ने," हरबा म्हणाला. "पोर वाट बघत असेल."

तात्पर्य, जे मला ही गोष्ट सांगणाऱ्याने सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: रंग निवडताना बघणारा काय म्हणेल ते मागाहून विचारावं, आत कोण बसणार आहे ते आधी.