बाईंचा गुडघा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक नर्तकी राहत असे. तरुणपणी तिने दूरदूरचे दरबार गाजवले होते. वय झालं तशी ती गावी परतली आणि देवळाच्या सभामंडपात मुलींना नाच शिकवू लागली. सारं गाव तिला बाई म्हणे.

बाईंची शिकवायची रीत सोपी होती. मुलींकडे पाठ करून त्या पुढे उभ्या राहत, नाचत आणि बजावत, "मी करते तस्संच करायचं. आपली अक्कल पाजळायची नाही." मुलीही गुणी. बाईंनी मान वेळावली की मागे साऱ्या माना वेळावत.

एके दिवशी गावात दवंडी पिटली. वसंतोत्सवाला राजा येणार होता. नाच पसंत पडला तर गावाला नृत्यशाळा मिळणार, नाही तर ती शेजारच्या गावाला जाणार. आपल्यामागे आपली विद्या गावात नांदावी, एवढीच बाईंची इच्छा उरली होती.

पण उत्सवाच्या आदल्या सकाळी बाईंचा कधीचा दुखरा गुडघा असा धरला की उभं राहणं मुश्किल झालं. त्या चरफडत मृदंगवाल्याशेजारी बसल्या आणि मुलींचा नाच प्रथमच समोरून पाहू लागल्या.

मुलींनी झोकात गिरकी घेतली. गिरकी संपताच साऱ्यांनी एकदम कमरेवर हात ठेवला, डावा पाय ओढला आणि हळूच म्हटलं, "आई गं."

"थट्टा करता माझी?" बाई कडाडल्या.

थोरली शिष्या गोंधळली. "थट्टा कशी करू, बाई? तुम्हीच शिकवलंत. सगळ्यांत अवघड तेच गेलं. 'आई गं' काही केल्या एका वेळी येईना."

"मला वाटलं, नवा अभिनय बसवलाय," मृदंगवाला म्हणाला.

बाईंना हसू लोटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. शहाण्यासुरत्या पोरींचे आपण नुसते आरसे करून ठेवले, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

गुडघ्याला लेप लावून उद्या कसंबसं पुढे उभं राहता आलं असतं. राजाही त्यांचंच नाव ऐकून येत होता. बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी पायातले घुंगरू सोडले.

"आता मी करून दाखवणार नाही. मी बोल म्हणते, तुम्ही ऐका आणि आपापल्या पायांना विचारा."

आधी सगळा सावळागोंधळ झाला. एक उजवीकडे, तर दुसरी तिच्या अंगावर. बाई मात्र टाळी देत बोल म्हणत राहिल्या. दुपार कलली तशी उंच मुलगी आपले लांब हात मोकळे सोडून नाचू लागली आणि ठेंगणीचे पाय तर लाह्या फुटाव्यात तसे वाजू लागले. ताल एकच होता, पण नाच जिचा तिचा होता.

उत्सवात राजा खूश झाला. "नाच सुंदर झाला. पण बाई, आम्ही तुम्हाला पाहायला आलो होतो."

"महाराज, इतकी वर्षं मीही मलाच पाहत होते. मुली मला काल दिसल्या."

राजाने तिथेच नृत्यशाळा जाहीर केली. बाई नमस्काराला उठल्या, तोच गुडघा करकरला आणि तोंडून निघालं, "आई गं." मागे धाकट्या मुलींचे हात सवयीने कमरेवर गेले.

"तेवढं आता विसरा गं," बाई हसत म्हणाल्या.

तात्पर्य काय, तर गुरूने पुढे उभं राहून दाखवावं, तसं कधी बाजूला बसून पाहावंही; नाही तर शिष्य विद्येबरोबर गुरूचं दुखणंही उचलतात.