आधी वास, मग घास

एक होतं संस्थान. पूर्वेला गॅलरी, पश्चिमेला स्वयंपाकाचा ओटा, मध्ये दोन खोल्या. बाहेरच्या जगात ते इंदुताई टिपणीस या निवृत्त बाईंचं घर म्हणून ओळखलं जाई; पण राज्य होतं भोपळोजी बोक्याचं. सिंहासन फ्रिजवर. निवडणूक दरवर्षी व्हायची. उमेदवार एकच असल्यामुळे चुरस फार नसे.

हे भोपळोजी महाराज सहा वर्षांपूर्वी एका रिक्षाखाली सापडले होते. पण तो इतिहास संस्थानात शिकवत नसत.

एके दिवशी इंदुताईंनी जिन्याखालची एक भटकी मांजर उचलून आणली, तिचं नाव चिंधी ठेवलं आणि तिला मागच्या धुण्याच्या खोलीत कोंडलं. दाराखालच्या फटीतून तिचा वास आला मात्र, दरबार भरला.

"प्रजाजनहो!" भोपळोजी फ्रिजवरून गरजला. प्रजाजन म्हणजे घरातली आणखी दोन मांजरं, काजळी आणि साखरू. "आज एक आली, उद्या अख्खा जिना येईल! वाटी आपली, गादी आपली! यापुढे ज्याच्या अंगाला घराचा वास नाही, त्याला वाटीला तोंड लावता येणार नाही. आधी वास..."

"मग घास!" साखरू ओरडला. तो कशालाही ओरडायचा.

म्हातारी काजळी दरबाराचं नाक होती. हुंगून दाखला देणं तिच्याकडे. "कायदा म्हणजे कायदा," ती म्हणाली. "नाकाला नातं नसतं."

इंदुताईंना हा कायदा कुणी कळवला नव्हता. नव्या मांजराला घराचा वास लागावा म्हणून त्यांनी आपली नेहमीची युक्ती केली: महाराजांची गोधडी उचलून चिंधीच्या अंगाखाली घातली.

राष्ट्रीय गोधडीच्या या विटंबनेविरुद्ध महाराजांनी आमरण उपोषण पुकारलं. ते दुपारच्या चहापर्यंत टिकलं. मग ओट्यावरची बोंबलाची पुडी त्यांनी सुतळीसकट गिळली. पोट फुगलं, आणि महाराजांची स्वारी टोपलीतून जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तीन दिवसांनी ते परतले. पोटावरचे केस भादरलेले, अंगाला फिनेलचा भपकारा. टोपलीतून उतरून ते ऐटीत वाटीकडे निघाले. काजळी फिस्कारून आडवी आली.

"कोण रे तू?"

"अगं काजळे, मी! तुझा राजा!"

"तोंडानं सगळेच राजे. वास कुठंय?"

"साखरू, सांग हिला!"

साखरूनं लांबूनच हुंगलं. "चेहरा ओळखीचा वाटतो," तो म्हणाला, "पण चेहऱ्याचं कलम कायद्यात नाही."

तेवढ्यात भोपळोजीची नजर वर गेली. फ्रिजवर चिंधी बसली होती! दोन दिवसांपूर्वीच तिला मोकळं सोडलं होतं.

"ती तिथं कशी?"

"त्यांच्या अंगाला खुद्द महाराजांचा वास आहे," काजळी अदबीनं म्हणाली. "अगदी अस्सल. मी दोनदा हुंगला."

"अगं, तो माझ्या गोधडीचा वास! आणि हा कायदा मी केलाय, मी!"

"म्हणून तर इतका कडक आहे."

गुरगुर ऐकून इंदुताई धावल्या. त्यांनी भोपळोजीला धुण्याच्या खोलीत कोंडलं आणि अंगाखाली चिंधीचं फडकं टाकलं. त्यावर आठ दिवस लोळून तो बाहेर आला. काजळीनं हुंगलं. "चिंधीबाईसाहेबांच्या नात्यातला दिसतोय. येऊ दे."

भोपळोजी मुकाट वाटीला लागला. साखरूला दया आली. "दादा, फार सोसलंत. तो कायदा रद्दच करायचा का? बाईसाहेबांकडे शब्द टाकू?"

भोपळोजीला आठ दिवस आठवले. डोळे भरून आले. तो हो म्हणणार, इतक्यात गॅलरीच्या जाळीपलीकडून बारीक 'म्याव' आलं. हाडांचा सापळा झालेलं एक पिल्लू आत बघत होतं.

भोपळोजीनं वाटीकडे पाहिलं. आता तिला तोंडं चार होती.

"रद्द कशाला?" तो म्हणाला. "कायदा उत्तमच आहे. चुकीच्या बोक्याला लागला, एवढंच."

आणि घोषणा द्यायला त्यानं तोंड उघडलं. पण फ्रिजवरून चिंधीनं ती आधीच दिली होती.