कोरांटीला पाणी न घालण्याची रीत

मुरमाडवाडीच्या माथ्यावर मुरमाचा एक उतार आहे. दिवाळीच्या सुमारास तो पिवळ्या काटेकोरांटीनं भरून जातो. पाहुण्यांपैकी कुणी हातातली बाटली झाडाच्या बुडाशी ओतू लागलं, की वाट दाखवणारे मदनेअण्णा त्याचा हात धरतात. “इथं पाणी घालत नाहीत,” म्हणतात, आणि उन्हातच गोष्ट सांगायला उभे राहतात.

फार पूर्वी इथं बिरू नावाचा तरणा धनगर राहायचा, असं सांगतात. झुंबर ही त्याची थोरली बहीण. तिनं अंगणात कोरांटीची सात झाडं जोपासली होती. कारळ्याच्या पिकाचा बहर ओसरला की सातेरी मधमाश्यांना माळावर फूल उरत नसे. त्या निघून जात, आणि माश्या गेल्या तर पुढच्या साली कारळ्यात दाणा भरत नसे. कोरांटी दुष्काळातही फुलते, म्हणून झुंबर ती राखायची. एका उन्हाळ्यात ती तापानं गेली. जाताना एवढंच बोलली, “बिरू, माझ्या माश्या जाऊ देऊ नको.”

बिरूला काही सुचेना. माश्या राखायच्या म्हणजे काय करायचं? शेळ्या राखतात तशा? तो रोज घागरी भरून कोरांटीला ओतू लागला. पानं पिवळी पडली, तसं त्यानं आणखी पाणी घातलं. आषाढापर्यंत सहा झाडं मुळापासून कुजली.

शेजारची सगुणाआत्या कुंपणापलीकडून म्हणाली, “मुडद्या, ती होती तेव्हा तिला तांब्याभर पाणी दिलं नाहीस. आता झाडं बुडवतोस व्हय?”

ते जिव्हारी लागलं. बिरूनं सातवं झाड हातांनीच ओरबाडलं, फांद्या घेऊन माथ्यावर धावला आणि एकेक मुरमात खुपसत ओरडला, “घे आक्का! घे तुझ्या माश्या!” पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं ठरवून तो उतरला. त्या साली पाऊस म्हणजे चार शिंतोडे, म्हणे.

पुढल्या साली दिवाळीत चुकलेली शेळी शोधत तो वर गेला, तर उतार पिवळा झालेला आणि माश्यांचा गुणगुणाट. बिरू हसला नाही. जीव लावला ती झाडं मेली, तोडून फेकली ती जगली. मग आक्काचा शब्द आपण पाळला की मोडला? त्यानं सगुणाआत्याला विचारलं.

“मला काय ठावं?” ती म्हणाली. “जा, बस तिच्यापाशी.” भाऊबीजेचा दिवस होता; बिरू वर गेला आणि फुलांत बसून राहिला.

आजही ज्याची बहीण गेली आहे असा भाऊ भाऊबीजेला या उतारावर येऊन बसतो. ताट नसतं, दिवा नसतो, काय बोलायचं तेही ठरलेलं नाही; कुणी रडतो, कुणी बहिणीला शिव्या घालतो. मनगटावर माशी बसली, तर ती आपण होऊन उडेपर्यंत मात्र कुणी हात हलवत नाही.